गंज वापरू नका

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी
नवी डायरी. तशी याच सालाची आहे. खतवाल्याने जानेवारीत दिली होती, दहा महिने मुरू दिली. आजपासून रोज लिहायचं. फक्त स्वतःसाठी. कोणाच्या हाती लागू नये म्हणून दुकानात झेरॉक्स मशीनच्या मागे ठेवणार.

मोठी बातमी: माझ्या बायकोच्या, साधनाच्या, बचत गटाला स्वयंपाकाची ऑर्डर मिळाली. गावातल्या रुखमाबाईंच्या नातीचं, निशाचं, साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ३० तारखेला. पोराकडचे कोरपन्याहून येणार. जेवण पसंत पडलं तर लग्नाचा स्वयंपाकही गटालाच, असं रुखमाबाई बोलून गेल्या. इतके दिवस गट पापड लाटून लाटून थकला होता. साधना एवढी खूश की न मागता दुसरा चहा दिला.

गटात बाया कष्टाळू आहेत, पण डोकं नाही. ते मी देणार. मला कोणी विचारलं नाही. पण आमच्या सावली गावात माझ्याशिवाय आहे कोण?

पुढेमागे गटाच्या भांड्यांवर माझं नाव कोरून घ्यायचं. ‘धनराज केटरिंग’. साधनाला अजून बोललो नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार
दुकान उघडलं नाही. मोबाईलवर स्वातीताईंचं ऑनलाईन व्याख्यान होतं. ताई पुण्याच्या, आहारतज्ज्ञ. विषय: आंबट पदार्थ, इसेन्स आणि धातूची भांडी. नेटवर्क येत-जात होतं, पण मुद्दा पकडला. चिंच, लिंबू, दही, व्हिनेगर हे सगळे धातूला खातात. त्यांना आपण खातो. म्हणजे आपण धातू खातो.

जेवताना वरण घशाखाली उतरेना. दोनदाच घेतलं.

घरभर फिरून पाहणी केली. जिकडे बघावं तिकडे गंज. भाताचा गंज, वरणाचा गंज, दुधाचा गंज. पुण्याकडे याला पातेलं म्हणतात म्हणे. जर्मनचे, म्हणजे ॲल्युमिनियमचे, काळे पडलेले. स्टीलचे चकचकीत, म्हणून जास्त संशयास्पद. साधनाला सावध केलं. ती म्हणाली, तुमची आजी याच जर्मनच्या गंजात आंबील रांधे आन् नव्वद वर्षं जगली. मी म्हटलं, तेच तर, नाहीतर शंभरी गाठली असती. ती वांगी चिरत राहिली.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
ताईंच्या नंबरवर प्रश्न पाठवला. शास्त्रात प्रश्न थोडक्यात विचारावा: “ताई, आंबट पदार्थ करायचा आहे. गंज असला तर चालेल का?”

दुपारी गटापुढे माझा शोध मांडला. साक्षगंधाला वेलकम ड्रिंक: अंबाडी-गुलाब सरबत. अंबाडीची लाल बोंडं, निंबूसत आणि वरून रोझ इसेन्स. कोरपन्याकडच्या लोकांना कोल्ड्रिंकची सवय, हे प्यायले की तिथल्या तिथे लग्नाची तारीख काढतील. बुधरी म्हणाली, भाऊ, पाणीच पाजा ना, पाण्यानं कोणाचं साक्षगंध मोडलं नाई आजवर. बुधरी गटात सगळ्यात जास्त बोलते. फ्लेवर हा विषय तिच्या आवाक्याबाहेरचा आहे.

९ नोव्हेंबर, रविवार
ताईंचं उत्तर आलं! स्वतःच्या हाताने टाईप केलेलं. जसंच्या तसं उतरवतो:

“नमस्कार दादा. गंज वापरू नका. आंबटात गंज उतरतो आणि सरळ पोटात जातो. कुठेही गंज दिसला तर लगेच वापरातून काढा. लोकांना वाटतं स्टीलला गंज नसतो, पण हलक्या स्टीललाही असतो.”

पुण्यात बसून या बाईने आमची मांडणी ओळखली. स्टीलसुद्धा! मला फक्त जर्मनवर संशय होता.

ताईंचं व्याकरण जरा वेगळं आहे. आपण ‘स्टीलचा गंज’ म्हणतो, त्या ‘स्टीलला गंज’ म्हणतात. मोठ्या माणसांच्या चुका काढू नयेत.

खाली एक लांबलचक व्हॉईस मेसेजही आहे. ऐकला नाही. ज्याला पहिल्या वाक्यात कळतं त्याने उगाच डेटा कशाला जाळायचा.

११ नोव्हेंबर, मंगळवार
आज बाजार. साधना आणि गटाच्या बाया धान कापायला गेलेल्या. अशी संधी पुन्हा नाही. घरातले सगळे गंज ऑटोत भरले आणि भांड्याच्या दुकानात मोडीत दिले. दुकानदार म्हणाला, भाऊ, घरी काई झालं का? बाईले विचारलं का? मी म्हटलं, शास्त्र बाईले विचारून चालत नसते.

एका गंजापाशी हात थांबला. साधनाच्या आंदणातला, स्टीलचा. काठावर कोरलेलं आहे, ‘साधनास आईकडून’. सासूबाई आता नाहीत. साधना कढी त्याच गंजात करते, दुसऱ्यात केली तर ती फुटते म्हणते. पण शास्त्रात नातीगोती आणली की संपलं. दिला.

मोडीच्या बदल्यात तांब्याचा जग आणला. नक्षीचा.

संध्याकाळी साधनाने विचारलं, भात कायमंधी मांडू? मी जग दाखवला. तिने मांडणीकडे पाहिलं, मग जगाकडे, मग माझ्याकडे. काही बोलली नाही. मौन म्हणजे संमती.

१२ नोव्हेंबर, बुधवार
संमती नव्हती.

साधना सकाळीच कुठेतरी जाऊन आली. डोळे लाल. धानाचा धुरळा असावा. भात कुकरमध्ये केला. कुकर हा गंज नव्हे, म्हणून वाचला. माझ्याशी बोलत नाही, निरोप बुधरीमार्फत येतात. दुपारचा निरोप: वहिनी म्हणते का तिच्या आईचा गंज गेला, दुकानदारानं कालच फिरत्या भांडेवाल्याले देऊन टाकला, आता तो कोण्या बाजारात असन कोणाले मालूम. आणि बुधरीचा स्वतःचा निरोप: भाऊ, डोस्कं मोडीत घेत असतीन तर तेबी देऊन पाहा, पण जग नाई भेटणार.

बाकीच्या गंजांबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. म्हणजे मुद्दा पटला आहे. फक्त भावनिक बाजू राहिली.

संकल्प: साधनाशी गोड बोलायचं. ती बोलायला लागली की.

१५ नोव्हेंबर, शनिवार
भांड्यांचा प्रश्न सोडवला. गावातल्या म्हाताऱ्या गुणवंतरावांकडे गेलो. त्यांच्या माळ्यावर जुनं पितळी भांडं पडून होतं, पूर्वी घरच्या पंगतींना लागायचं. चांगलं मांडीएवढं उंच. त्यांनी आनंदाने दिलं, माळ्यावर जागा झाली म्हणाले. उतरवताना त्यांच्या सुनेच्या पायावर पडलं. वजनदार वस्तू आहे.

ऑटोतून मिरवत आणलं. बुधरी दारातच होती. म्हणाली, हा बी गंजच होय ना भाऊ. मी म्हटलं, हे पात्र आहे. म्हणाली, पितळीचा गंज. मी म्हटलं, पात्र. ती म्हणाली, बरं, पात्र आन् तुमी. मग आत जाऊन साधनाला काहीतरी सांगितलं आणि साधना हसली. तीन दिवसांनी हसली. माझ्यामुळेच.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
धक्कादायक शोध. पितळी पात्राच्या आतून पांढुरका थर आहे. जर्मनचा! बाहेर पितळ, आत जर्मन. जुन्या लोकांना कसं फसवलं बघा.

दुकान बंद ठेवून चिंच, राख आणि वाळूने घासायला बसलो. दिवस गेला. नखं गेली. पण आतून सोन्यासारखं पिवळं निघालं. गुणवंतराव बघायला आले आणि कपाळावर हात मारून म्हणाले, अरे बापू, ते कल्हई होय, कल्हई! आंबट कळकू नये म्हणून मायी माय दरसाल करून घेत होती. त्यांना खुर्चीत बसवून समजावलं, की काका, तुमची पिढी भोळी. आज मी त्या भांड्याची कल्हई उघडी पाडली. ते चपला विसरून घरी गेले. विचार बदलायला वेळ लागतो या वयात.

२२ नोव्हेंबर, शनिवार
साधना आता माझ्याशी बोलते. ‘सरका’ म्हणाली.

गट रोज बुधरीच्या घरी जमतो. मला बोलावत नाहीत. मेनू ठरत असेल: आलू-वांग्याची भाजी, वरण-भात, वडे, कढी, बुंदी. एवढा स्वयंपाक कशात करणार, असं विचारलं तर साधना म्हणाली, तुमी नका डोस्कं लावू. मी म्हटलं, एका पात्रात एकामागून एक करता येईल. पहाटे सुरू केलं तर संध्याकाळपर्यंत कोरपन्याचे लोक जेवतील. ती पुन्हा ‘सरका’ म्हणाली.

संवाद सुधारतो आहे.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
अंबाडीची बोंडं आणली. निंबूसत किराण्यातून. रोझ इसेन्सच्या बाटलीवर ‘दोन थेंब’ लिहिलं आहे. ते भित्र्या लोकांसाठी. दोन बाटल्या घेतल्या.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार. संध्याकाळी
सरबत तयार. पात्रात लालभडक, बघत राहावं असं. साखर, निंबूसत, इसेन्स, वरून चवीपुरतं व्हिनेगर. घरभर गुलाबाचा वास. शेजारच्यांनी विचारलं, कोणी गेलं का? झाकण ठेवून मुरायला ठेवलं. परवाच्या मानाचा पहिला ग्लास निशाच्या सासऱ्याला. दुसरा मला.

साधनाने झाकण उचलून पाहिलं आणि आतल्या उघड्या पितळेवरून बोट फिरवलं. म्हणाली, काऊन घासली जी कल्हई? हे कळकन ना. मी म्हटलं, कळकणे हा जुना शब्द आहे, आता फ्लेवर म्हणतात.

२९ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी
सरबताचा रंग बदलला. लाल होतं ते काळपट जांभळं झालं. कडेने हिरवी रेघ. निसर्गाची किमया! इतके रंग बाटलीतल्या कोल्ड्रिंकला येतील का?

चव: जिभेवर जुनं नाणं ठेवल्यासारखी. ही धातूची ताकद.

साधनाने पाहिलं आणि सरळ पात्र उचलायला वाकली. म्हणाली, निशाच्या सासऱ्याले हे पाजलं तर लगन त मोडनच, आमचा गटबी मोडन. उकिरड्यावर फेकते. बुधरी पदर तोंडाला लावून हसत होती. म्हणाली, भाऊ, तुमी पिऊन दाखवा, मंग आमी वाटतो. आव्हान होतं. ग्लास भरला आणि उभ्याने प्यायलो. बुधरी आणखी हसली म्हणून दुसरा प्यायलो. म्हटलं, बघा, काय झालं?

तेव्हा काही झालं नव्हतं.

२९ नोव्हेंबर. दुपारी
होत आहे.

२९ नोव्हेंबर. थोड्या वेळाने
लिहिता येत नाही. बादली.

३० नोव्हेंबर, रविवार. दवाखान्यात
सलाईन लावलं आहे. डाव्या हाताने लिहितो, अक्षराकडे लक्ष देऊ नये. डॉक्टरांनी काय प्यायलो ते विचारलं. मी रेसिपी सांगितली. त्यांनी नर्सला बोलावून पुन्हा सांगायला लावली. मग नर्सने आणखी एका नर्सला बोलावलं. वैद्यकीय जगात रस निर्माण झाला आहे.

आज साक्षगंध. मी इथे. साधना काल दुपारपासून माझ्या उशाशी होती. पहाटे उठली, म्हणाली, मले जावं लागन, आज नाई गेली त गट गेला. मी म्हटलं, जा, पण स्वयंपाक करणार कशात? ती पदर खोचून गेली. दिवसभर जीव टांगणीला. वाटलं, माझ्यामुळे तिची ऑर्डर गेली. असं वाटणं चुकीचं आहे, पण वाटलं.

संध्याकाळी गुणवंतराव भेटायला आले, जेवणाच्या पंगतीतून सरळ. ढेकर देत होते. झ्याक जेवण झालं म्हणाले. कोरपन्याच्या लोकायनं वडे बांधून नेले. रुखमाबाईनं लग्नाची ऑर्डर भर पंगतीत गटाले देऊन टाकली.

मी विचारलं, कशात रांधलं? ते म्हणाले, कशात म्हणजे? गंजात. तुयेच गंज ना, बापू. साधनानं दुसऱ्याच दिवशी दुकानातून सारे वापस आणले, बुधरीच्या घरी ठेवून होते. साऱ्या गावाले मालूम हाय. फक्त तिच्या मायचा तेवढा नाई भेटला. कढी दुसऱ्या गंजात केली, जराशी फुटली, पण कोणी काई बोललं नाई.

छतावरचा पंखा मोजत पडलो. एकच आहे.

१ डिसेंबर, सोमवार. दवाखान्यात
करण्यासारखं काही नव्हतं म्हणून ताईंचा तो व्हॉईस मेसेज ऐकला. ताई म्हणतात: दादा, गंज म्हणजे तो तांबूस थर, हिंदीत ज्याला जंग म्हणतात, तो असलेलं भांडं नको. चांगलं स्टीलचं पातेलं एकदम उत्तम. जर्मनमध्ये आंबट जास्त वेळ ठेवू नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेत आंबट काहीही, चुकूनही, करू नका. विषबाधा होते.

पुन्हा ऐकला. तेच म्हणतात.

यावर माझं मत: पुण्याच्या लोकांनी जंगला जंग म्हणावं. एका शब्दाचे दोन अर्थ ठेवतात आणि मग खेड्यातल्या संशोधकांची पोटं बिघडतात. ताईंना तसा सविस्तर मेसेज पाठवला. उत्तर आलं, “दादा, तुम्ही बरे आहात ना?” या प्रश्नातच त्यांची हार आहे.

डिस्चार्ज. ऑटोत साधना शेजारी बसली. तिला मेसेज ऐकवला नाही. ऑटोवाल्याने मात्र विचारलं, पात्रवाले भाऊ तुमीच का?

७ डिसेंबर, रविवार
पात्र गुणवंतरावांना परत केलं. ते मला बघून आत गेले आणि सुनेला बाहेर पाठवलं. सून पाय मागे घेऊनच उभी होती.

निश्चय: सासूबाईंचा गंज शोधून आणायचा. कोणाला सांगायचं नाही. फिरता भांडेवाला बाजार-बाजार करतो. मीही करणार.

१४ डिसेंबर, रविवार
आठवडाभर दुकान बंद. मूल, चामोर्शी, गडचिरोली, एवढंच काय अहेरीपर्यंत गेलो. बाजारात खाली वाकून भांड्यांचे काठ वाचत हिंडलो. लोकांच्या घरचं सगळं कळतं त्यात. कोणाला आत्याने दिलं, कोणाला भिशीत मिळालं. अहेरीत एका बाईने विचारलं, भाऊ, चष्मा हरवला का?

आणि अहेरीतच सापडला! स्टीलचा, तेवढाच, काठावर ‘साधनास’ एवढं वाचलं आणि पुढचं वाचायला थांबलोच नाही. बसमध्ये मांडीवर घेऊन आलो, कंडक्टरला हात लावू दिला नाही.

घरी साधनापुढे ठेवला. म्हटलं, घे. तिने पदराने पुसला, काठ फिरवला आणि मोठ्याने वाचलं, ‘साधनास मामाकडून’. मग म्हणाली, मले त मामाच नाई.

मग हसायला लागली. बुधरीला हाक मारली, तीही आली आणि हसली. साधना हसता हसता खाली बसली, आणि कधी रडायला लागली ते मला कळलंच नाही. गंज मात्र सोडला नाही. मला फार वाईट वाटलं. माझं चुकलं असं म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात ती नाक पुसून म्हणाली, अहेरीले गेले होते एवढ्यासाठी? जेवले का तिथं काई?

जेवलो नव्हतो. वाढलं तिने. कढी त्याच मामाच्या गंजात केली. फुटली नाही.

१६ डिसेंबर, मंगळवार
लग्नाची ऑर्डर मोठी, गटाने नवे गंज घेतले. बाजारात भांडी हरवू नयेत म्हणून नावं कोरून घेतली. साधनाने मला ती आणायला पाठवलं. विश्वास परत आला आहे.

दुकानदाराने हसत हसत ऑटोत भरून दिली. त्याच्या हसण्याचं कारण घरी आल्यावर कळलं. प्रत्येक गंजाच्या काठावर ओळीने कोरलं आहे: ‘साधना गट, सावली. धनराजले देऊ नये.’

नव्या-जुन्या सगळ्यांवर आहे. झाकणांवरसुद्धा. सुटला फक्त मामाचा गंज.

दुकानात येऊन विचार केला. भांड्यांवर माझं नाव यावं हे मी ३ नोव्हेंबरलाच इथे लिहून ठेवलं होतं, पान उघडून तपासलं. आलं. आणि नीट पाहिलं तर साधनापेक्षा एका अक्षराने मोठं आलं आहे.